आकडा खरा निघावा म्हणून

१९८०च्या दशकात इटलीतल्या मिलान शहरात जुझेप्पे मान्चिया आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी एक प्रयोग केला. इस्पितळातल्या काही रुग्णांच्या धमनीतच बारीक नळी बसवून त्यांचा रक्तदाब अखंड नोंदवला जात होता. मग खोलीत डॉक्टर आला आणि नेहमीसारखा दंडाला पट्टा बांधून रक्तदाब मोजू लागला. धमनीतली नळी आपलं काम करतच होती. तिने दाखवलं की डॉक्टर आल्यावर रुग्णाचा वरचा आकडा सरासरी २७ने चढला. डॉक्टरने काही वावगं केलं नव्हतं, तो फक्त आला होता. पुढे याच मंडळींनी डॉक्टरच्या जागी नर्सला पाठवून पाहिलं. आकडा तेव्हाही चढला, पण डॉक्टरच्या वेळेपेक्षा जवळपास निम्माच.

म्हणजे धमनी तीच, हृदय तेच, आणि दारातून कोण आत आलं यावर आकडा बदलतो. रक्तदाब ही शरीरातली एक ठरलेली गोष्ट आहे, ती जाऊन वाचायची एवढंच काम, अशी आपली समजूत असते. ती या प्रयोगाने कायमची मोडते. आकडा नुसता वाचून मिळत नाही, तो घडवावा लागतो. आणि अमेरिकेतल्या हजारो क्लिनिकांत तो घडवणारा माणूस डॉक्टर नसतो.

तिथे तुम्ही ठरलेल्या वेळी गेलात की आधी एका छोट्या खोलीत नेतात. वजन, ताप, नाडी, रक्तदाब, बोटाला चिमटा, कोणती औषधं चालू आहेत, कशाची ॲलर्जी आहे, या सगळ्यात दहाएक मिनिटं जातात आणि मग डॉक्टर येतात. ही मिनिटं बहुतेकांना सिनेमाआधीच्या जाहिरातींसारखी वाटतात. ती ज्यांच्या हातात असतात त्यांच्यात कुठे मेडिकल असिस्टंट असतात, कुठे रजिस्टर्ड नर्स, आणि पुष्कळ ठिकाणी एल.पी.एन., म्हणजे लायसन्स्ड प्रॅक्टिकल नर्स. (पुढे ‘ती’ म्हटलं आहे. पुरुषही या कामात आहेत, पण थोडे.)

एल.पी.एन. ही अमेरिकी नर्सिंगच्या शिडीची खालची पायरी. साधारण वर्षभराचं शिक्षण, मग परीक्षा आणि मग राज्याचा परवाना. या शिक्षणाची सुरुवात १८९०च्या दशकात न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन भागात झाली, घरोघरी आजारी माणसांची शुश्रूषा करणाऱ्या बायकांसाठीच्या तीन महिन्यांच्या वर्गातून. परवान्याचा पहिला कायदा १९१४ साली मिसिसिपी राज्याने केला. कॅलिफोर्निया आणि टेक्सासमध्ये यांनाच एल.व्ही.एन. म्हणतात. सगळ्यांत जास्त एल.पी.एन. वृद्धांच्या शुश्रूषागृहांत काम करतात, क्लिनिकमधल्या त्या मानाने कमी. अमेरिकी श्रम खात्याच्या २०२४च्या आकड्यांनुसार त्यांचा मधला पगार वर्षाला बासष्ट हजार डॉलरच्या आसपास होता आणि रजिस्टर्ड नर्सचा त्याच्या दीडपट. आपल्याकडच्या एएनएमशी त्यांचं नातं सांगता येईल, पण ते दूरचं. एएनएम गावाची असते. गरोदर बाया, बाळंतपणं, लसीकरण, घरभेटी हे तिचं जग. क्लिनिकमधली एल.पी.एन. त्या एका खोलीची.

तिची परीक्षाही नवलाची आहे. एन.सी.एल.ई.एक्स. नावाची ही परीक्षा १९९४पासून संगणकावर होते आणि शेजारी बसलेल्या दोघींना एकच प्रश्नपत्रिका कधीच मिळत नाही. उत्तर बरोबर आलं की पुढचा प्रश्न अवघड, चुकलं की सोपा. प्रत्येक उत्तरानंतर संगणक उमेदवाराच्या कुवतीचा अंदाज नव्याने बांधतो आणि जिथे बरोबर-चूक होण्याची शक्यता निम्मी-निम्मी आहे असाच प्रश्न पुढे टाकतो. किमान ८५ प्रश्न, जास्तीत जास्त १५०. उमेदवार उत्तीर्णतेच्या रेषेच्या वर आहे की खाली, याची पुरेशी खात्री झाली की पडदा मध्येच बंद होतो. त्यामुळे उत्तम उत्तरं देणारीलाही बाहेर पडताना आपण अर्धं चुकलो असंच वाटत राहतं.

परवाना मिळाला तरी कायद्याने एक रेघ ओढलेली असते. प्रत्येक राज्याचं नर्सिंग मंडळ ती थोडी वेगळ्या जागी ओढतं, पण साधारण अर्थ असा, की एल.पी.एन.ने माहिती गोळा करायची. रुग्णाचं पहिलं संपूर्ण मूल्यमापन आणि त्यावरून उपचारांची आखणी हे रजिस्टर्ड नर्सचं आणि डॉक्टरचं काम. कागदावर ही वाटणी एल.पी.एन.ला थोडी कमीपणा देणारी वाटते. मला मात्र ती वाचून उलटाच प्रश्न पडला. ‘माहिती गोळा करणं’ इतकं सोपं असतं का?

रक्तदाबच घ्या. १७३३ साली स्टीफन हेल्स या इंग्लिश पाद्र्याने आपले प्रयोग पुस्तकरूपाने छापले. त्यात त्याने एका घोडीला जमिनीवर बांधून तिच्या पायाच्या धमनीत पितळी नळी घातली होती आणि त्या नळीला नऊ फूट उंचीची काचेची नळी जोडली होती. रक्त आठ फूट तीन इंच चढलं आणि तिथे प्रत्येक ठोक्यागणिक वरखाली होत राहिलं. माणसाच्या १२० मिलिमीटर पाऱ्याच्या दाबाचा अर्थही असाच लावता येतो. पारा रक्तापेक्षा सुमारे तेरा पट जड आहे. म्हणजे आपल्या धमनीला अशी नळी जोडली, तर रक्त जवळजवळ पाच फूट उंच चढेल. बसल्या जागी, काही न करता, आपण सगळे हा दाब अंगात बाळगून असतो.

नळी न खुपसता तो कसा मोजायचा, याचं उत्तर १८९६ साली इटालियन डॉक्टर शिपियोने रिवा-रोच्चीने दिलं. दंडाला फुगणारा पट्टा बांधायचा, मनगटाची नाडी नाहीशी होईपर्यंत तो फुगवायचा आणि पारा कुठे आहे ते पाहायचं. यातून वरचा आकडा मिळाला. खालचा आकडा मिळाला तो १९०५ साली, निकोलाय कोरोत्कोव या रशियन शल्यचिकित्सकामुळे. जखमी सैनिकांच्या फाटलेल्या धमन्यांवर काम करताना त्याला स्टेथोस्कोप लावून रक्तवाहिन्या ऐकायची सवय लागली होती. त्याच्या ध्यानात आलं, की मोकळी धमनी गप्प असते आणि पूर्ण दाबलेली धमनीही गप्प असते. आवाज येतो तो फक्त अर्धवट दाबलेल्या धमनीतून, जेव्हा रक्त प्रत्येक ठोक्याला अडथळ्यातून वाट काढत उसळतं. पट्टा सैल करत जा. पहिला ठोका ऐकू आला तो वरचा आकडा, आवाज विरला तो खालचा. सेंट पीटर्सबर्गच्या लष्करी वैद्यकीय अकादमीत त्याने हे मांडलं तो मजकूर छापील पानभरही नव्हता. शंभराहून अधिक वर्षं जगभरच्या नर्सेस त्या एका पानावर काम करत आल्या आहेत.

आता गंमत पाहा. रिवा-रोच्चीचा पट्टा अरुंद होता, जेमतेम पाच सेंटिमीटरचा. अरुंद पट्ट्याचा दाब दंडाच्या आत खोलवर नीट पोचत नाही. म्हणून धमनी बंद करायला तो जास्त फुगवावा लागतो आणि आकडा खोटा चढतो. १९०१ सालीच जर्मनीत फॉन रेक्लिंगहाउझेनने हे दाखवून दिलं आणि पट्टा रुंद झाला. त्यानंतर तब्बल एकशे बावीस वर्षांनी, २०२३ साली, अमेरिकेतल्या जॉन्स हॉपकिन्सच्या संशोधकांनी १९५ माणसांवर वेगवेगळ्या मापांचे पट्टे लावून पाहिले. ज्यांच्या दंडाला सर्वांत मोठा पट्टा लागतो त्यांना नेहमीचा पट्टा लावला, तर वरचा आकडा सरासरी १९ ते २०ने जास्त आला. म्हणजे यंत्र आधुनिक झालं तरी दंड आणि पट्टा यांचं गणित रिवा-रोच्चीच्या काळातलंच राहिलं. अमेरिकी मार्गदर्शक तत्त्वांनुसार १३०च्या पुढे उच्च रक्तदाब सुरू होतो. ११५ वाला निरोगी माणूस खोलीच्या भिंतीवर अडकवलेल्या पट्ट्यामुळे १३५चा होऊन बाहेर पडू शकतो, हातात आयुष्यभराच्या गोळीची चिठ्ठी घेऊन.

शिवाय हात कुठे ठेवला तेही आलंच. याच संस्थेच्या २०२४च्या अभ्यासात हात टेबलावर, हृदयाच्या उंचीवर टेकवण्याऐवजी मांडीवर ठेवला तेव्हा वरचा आकडा सुमारे ४ने चढला, आणि बाजूला लोंबकळत ठेवला तेव्हा साडेसहाने. कारण हेल्सच्या नळीतलंच. हात जितका खाली, तितका रक्ताचा उंच स्तंभ त्याच्यावर उभा. पायावर पाय टाकून बसलं की आकडा चढतो. लघवी तुंबलेली असली की चढतो. बोललं की चढतो. म्हणून चांगली एल.पी.एन. पट्टा फुगत असताना तुमच्याशी एक शब्द बोलत नाही, आणि तुम्ही बोलू लागलात तर हसून बोट ओठांवर ठेवते. पुष्कळांना हा तुटकपणा वाटतो. खरं तर बोटाचा तो इशारा म्हणजे तिच्या कामातला सगळ्यांत शास्त्रशुद्ध क्षण.

पाच मिनिटं शांत बसवायचं, पाठ टेकवायची, पाय जमिनीवर, बाही गुंडाळून आवळायची नाही, दंड मोजून पट्टा निवडायचा आणि पहिला आकडा जास्त आला तर थांबून पुन्हा घ्यायचा. हे सगळं तिला शिकवलेलं असतं. पण दर पंधरा-वीस मिनिटांनी नवा रुग्ण असतो आणि पाच मिनिटांची शांतता कुठल्याच वेळापत्रकात मांडलेली नसते. मला विचाराल तर वैद्यकातली ही सगळ्यांत स्वस्त सुधारणा आहे, एक खुर्ची आणि पाच मिनिटं, आणि नेमकी तीच वाचवली जाते.

आता यंत्रं आली आहेत असं कुणी म्हणेल. खरं आहे, बहुतेक यंत्रं कोरोत्कोवचे आवाज ऐकतही नाहीत. पट्ट्यातल्या हवेची बारीक थरथर मोजून ती सरासरी दाब शोधतात आणि त्यावरून वरचा-खालचा आकडा प्रत्येक कंपनीच्या आपापल्या सूत्राने काढतात. ठोके अनियमित असले की हा हिशेब डळमळतो. अशा वेळी एल.पी.एन. यंत्र बाजूला सारते, स्टेथोस्कोप कानाला लावते आणि १९०५च्या पद्धतीकडे परत जाते.

बोटाला लावतात तो चिमटा आपल्याला करोनाने घरोघरी ओळखीचा करून दिला. त्याची कल्पना जपानच्या ताकुओ आओयागी यांना १९७०च्या दशकात सुचली, तीही दुसरंच काही शोधताना. हृदय मिनिटाला किती रक्त ढकलतं ते त्यांना कानातून प्रकाश पाठवून मोजायचं होतं आणि नाडीचे ठोके मध्ये मध्ये लुडबुड करत होते. ती लुडबुड घालवण्याच्या खटपटीत त्यांना कळलं, की ज्याला आपण अडथळा म्हणतो तीच कामाची गोष्ट आहे. बोटातली त्वचा, हाड, मांस स्थिर असतं. ठोक्यागणिक बदलतं ते फक्त धमनीतलं रक्त. लाल आणि अवरक्त असे दोन प्रकाश आरपार सोडून त्यातला नुसता बदलणारा भाग वेगळा काढला, की प्राणवायूचं प्रमाण हाती लागतं.

पण इथेही आकडा आपला आपण खरा निघत नाही. हात गार असला, नखाला गडद रंग असला, की चिमटा चाचपडतो. आणि २०२० साली अमेरिकेत छापलेल्या एका अभ्यासात दिसलं, की प्राणवायू खरोखर कमी असूनही चिमट्याने तो ठीक दाखवण्याचं प्रमाण कृष्णवर्णीय रुग्णांत गोऱ्यांच्या जवळपास तिप्पट होतं. सावळ्या कातडीच्या आपण सगळ्यांनी ही गोष्ट ध्यानात ठेवावी. चिमटा ९५ म्हणतो आणि समोरचा माणूस वाक्य पुरं करताना दोनदा थांबतो, तेव्हा आकड्यावर विश्वास न ठेवता आत जाऊन डॉक्टरांना सांगायचं असतं. अर्थ लावणं तिच्या परवान्यात बसत नाही म्हणतात. मग हे काय आहे?

सुईकडे वळू. दंडातली लस स्नायूतच जायला हवी. खांद्याच्या टोकाचं हाड चाचपायचं, त्याच्या खाली दोन-तीन बोटं मोजायची आणि सुई काटकोनात घालायची. फार वर टोचली तर औषध खांद्याच्या सांध्याजवळच्या पिशवीत शिरतं आणि खांदा महिनोन् महिने दुखतो. अमेरिकी सरकारने २०१७ साली ही इजा लसीच्या नुकसानभरपाईच्या अधिकृत तक्त्यात घातली. इजा लसीने नव्हे, दोन बोटांच्या चुकीने होते, तरीही. किती लांब सुई घ्यायची ते माणसाच्या वजनावर ठरतं, तेव्हा दारातला वजनकाटाही उगाच नसतो. आणि वजन पौंडांत, औषधाचा डोस किलोवर, असा अमेरिकी घोळ आहे. लहान मुलाच्या बाबतीत एकक चुकलं, तर डोस एकदम दुपटीच्या वर जातो.

लसीच्या कुपीचं रबरी बूच अल्कोहोलच्या बोळ्याने पुसायचं आणि ते वाळू द्यायचं, हे सेकंदांचं काम. ते का करायचं याची सर्वांत कडू गोष्ट मुंबईशी जोडलेली आहे. प्लेगच्या साथीत वाल्देमार हाफकिन यांनी मुंबईत लस तयार केली आणि परळच्या प्रयोगशाळेतून ती देशभर जाऊ लागली. ऑक्टोबर १९०२मध्ये पंजाबातल्या मलकोवाल गावी १०७ जणांना ही लस टोचली गेली. त्यातले १९ जण धनुर्वाताने मेले आणि त्या सगळ्यांना एकाच बाटलीतून लस मिळाली होती. ठपका प्रयोगशाळेवर आला, हाफकिन यांना कामावरून दूर व्हावं लागलं. पुढे उलगडलं ते असं, की गावात बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो त्याने नीट निर्जंतुक न करता, वरवर कार्बोलिकमध्ये बुडवून पुन्हा बुचाला लावला. रोनाल्ड रॉस यांच्यासारख्या शास्त्रज्ञांनी बाजू लावून धरली, तेव्हा कुठे १९०७ साली हाफकिन निर्दोष ठरले. परळच्या त्या संस्थेला १९२५पासून त्यांचं नाव आहे.

प्रयोगशाळेत सगळं बरोबर होऊनही शेवटच्या हाताशी ते बिघडू शकतं. लसीच्या फ्रिजची कथाही तीच. बहुतेक लसी २ ते ८ अंश सेल्सियसमध्ये ठेवायच्या. आपल्याला भीती उन्हाची वाटते, पण ॲल्युमिनियमचे क्षार असलेल्या लसींचा मोठा शत्रू आहे बर्फ. एकदा गोठल्या की त्यातले कण गुठळ्या धरतात, वितळल्यावर लस दिसते लसीसारखीच, पण तिचा जोर गेलेला असतो. म्हणून अमेरिकी क्लिनिकात रोज सकाळी पहिलं काम असतं मागच्या दिवसाचं सर्वांत कमी आणि सर्वांत जास्त तापमान वाचून लिहिणं. फ्रिजच्या रिकाम्या जागेत आणि दारात पाण्याच्या बाटल्या ठेवतात, गारवा स्थिर राहावा म्हणून. त्यावर ‘पिऊ नये’ असं लिहावं लागतं. आपल्या प्राथमिक आरोग्य केंद्रातला आयएलआर, म्हणजे भिंतीत बर्फाचं अस्तर असलेला फ्रिज, हेच काम लोडशेडिंगमध्येही करतो. आणि लस गोठली होती का याचा संशय आला, तर आपल्याकडे दोन कुप्या हलवून शेजारी ठेवायची रीत आहे. एक मुद्दाम गोठवून वितळवलेली, एक संशयित. दोन्हींचा गाळ सारख्याच वेगाने खाली बसला, तर संशयित कुपी बाद.

मराठी माणसाची आणि या खोलीची खरी गाठ पडते ती मात्र क्षयाच्या चाचणीपाशी. अमेरिकेत शिकायला किंवा इस्पितळात नोकरीला गेलं, की पुष्कळदा हाताच्या कातडीत ०.१ मिलिलिटर द्रव टोचतात. तो इतका वरच्या थरात जायला हवा, की सहा ते दहा मिलिमीटरचा पांढुरका फुगा लगेच उठावा. मग ४८ ते ७२ तासांनी परत यायचं. तेव्हा लाली मोजायची नसते, कातडीखालचा टणकपणा मोजायचा असतो. काही जणी बॉलपेन कातडीवरून हळू सरकवत नेतात आणि ते अडतं तिथे थांबतात. तो आकडा मिलिमीटरमध्ये लिहायचा. त्याचा अर्थ मात्र माणसागणिक वेगळा. कुणासाठी ५ पुरेसे, क्षयाचं प्रमाण जास्त असलेल्या देशातून नुकत्याच आलेल्याला १०, काहीच धोका नसलेल्याला १५. आपल्यापैकी बहुतेकांना जन्मतः बीसीजी मिळालेली, आणि ती या चाचणीला फसवू शकते. अमेरिकेत ही लस सर्रास देत नाहीत, म्हणून डाव्या दंडावरचा तो छोटा खड्डा तिथल्या नर्सला ओळखून घ्यावा लागतो. तो दिसला की कातडीच्या चाचणीऐवजी रक्ताची चाचणी बरी. तेव्हा दंड दाखवा, आणि न विचारताही सांगा.

आणि या सगळ्याआधी, अगदी दारातच, ती दोन प्रश्न विचारते: नाव आणि जन्मतारीख. सुईआधी पुन्हा तेच, कागद देताना पुन्हा तेच. नियमच आहे, प्रत्येक वेळी किमान दोन खुणा जुळल्या पाहिजेत. शिवाय ‘तुम्ही पाटील ना?’ असं विचारायचं नाही, कारण गोंधळलेला माणूस कशालाही हो म्हणतो. नाव त्याच्याच तोंडून यायला हवं. जगभर चालणाऱ्या या चोख पद्धतीला एक पिढी मात्र भारी पडते, मुलांकडे सहा महिन्यांसाठी न्यू जर्सीला आलेल्या आपल्या आजी-आजोबांची. शाळेत नाव घालताना गुरुजींनी ज्यांची तारीख १ जून लिहून टाकली, ती पिढी. तिथल्या एडिसन गावच्या एखाद्या क्लिनिकमध्ये त्या तारखेने शोध घेतला, तर पडद्यावर किती पाटील आणि किती जाधव येतील याची कल्पनाच केलेली बरी. त्यात आपण ०१/०६ लिहितो आणि तिथे ते ६ जानेवारी वाचलं जातं. दुभाषाची सोय असते, फोनवर मराठी बोलणारं माणूस मिळू शकतं. जन्मतारखेचा प्रश्न मराठीत पोचतो आणि आजी विचारते, ‘कागदावरची सांगू का खरी? खरी म्हणजे पोळ्याच्या दुसऱ्या दिवशीची, पूर आला होता त्या वर्षी.’ नर्स कागदावरचीच लिहिते.